राजा घडतो कुठं? कैसरचा घोडा, कवळाण्याचा गोपाळ आणि अहमदनगरचा किल्ला

काटोलहून तुमचा दोस्त बोलतोय, आणि हा आहे आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचा हेडफोन घरी राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न साधा आहे. राजा घडतो कुठं? दरबारात, रणांगणावर, की त्याच्या कितीतरी आधी, घरात, वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी? सुरुवात युरोपातून करू आणि मग आपल्याकडे येऊ.

एका आजीची नातवंडं

जुलै १९१४. पहिलं महायुद्ध दारात उभं आहे. जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस एकमेकांना तारा पाठवताहेत. भाषा इंग्रजी. खाली सही काय, तर 'विली' आणि 'निकी'. घरातली लाडाची नावं! दोघांच्या नावानं लाखोंचं सैन्य सरहद्दीकडे निघायच्या तयारीत आणि तारेवर विली-निकी.

यांचं नातं काय? इंग्रजी पुस्तकं सगळ्यांना 'कझिन' म्हणून मोकळी होतात. आपली मराठी बरी, बरोबर हिशेब लावते. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि कैसर विल्हेल्म हे मामे-आतेभाऊ, कारण विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची सख्खी बहीण. जॉर्ज आणि निकोलस हे मावसभाऊ, कारण दोघांच्या आया डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी. आणि निकोलसची बायको ही विल्हेल्मची मावसबहीण. विल्हेल्म, जॉर्ज आणि निकोलसची बायको, तिघंही राणी व्हिक्टोरियाची नातवंडं. म्हणजे महायुद्धातली तीन बलाढ्य साम्राज्यं एका लग्नपत्रिकेत मावली असती.

पण एका घरची असली तरी तिघांची बालपणं वेगळी होती.

विल्हेल्मचा जन्म १८५९ चा. मूल पायाळू होतं, बाळंतपण फार अवघड गेलं, आणि त्यात डावा हात कायमचा अधू झाला. राजाच्या घरात अधू हात म्हणजे संकटच. हातात जीव यावा म्हणून विजेचे झटके दिले, नुकत्याच मारलेल्या सशाच्या धडात हात गुंडाळून ठेवला. सातव्या वर्षी हिन्झपेटर नावाचा शिक्षक आला, अत्यंत कडक. एका हातानं तोल सांभाळता येत नसलेल्या पोराला त्यानं रिकिबीशिवाय घोड्यावर बसवलं. पोरगं पडायचं, रडायचं, आणि हा त्याला पुन्हा वर बसवायचा. शेवटी विल्हेल्म घोडेस्वारी शिकला. पण सोबत अजून काय शिकला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मोठेपणी तो फोटोत डावा हात लपवायचा, गणवेशांवर जीव टाकायचा, आणि कुणी आपल्याला कमी लेखतंय असं वाटलं की उसळायचा. आई इंग्लंडची राजकन्या. मुलगा इंग्लंडवर एकाच वेळी प्रेमही करत होता आणि जळतही होता.

निकोलस १८६८ चा. १८८१ साली आजोबांवर, म्हणजे झार दुसऱ्या अलेक्झांडरवर बॉम्ब पडला. १२ वर्षांच्या निकोलसनं आजोबांना रक्तबंबाळ अवस्थेत मरताना पाहिलं. वडील उंच, धिप्पाड, दरारा असलेले. त्यांना पोरगं अजून लहानच वाटायचं, म्हणून राज्याच्या कामात त्यांनी त्याला फारसं ओढलंच नाही. आपल्याला अजून बरीच वर्षं आहेत असा त्यांचा हिशेब. १८९४ मध्ये ते ४९ व्या वर्षी गेले आणि २६ वर्षांचा निकोलस तयारी नसताना झार झाला.

जॉर्ज तर राजा होणारच नव्हता. तो दुसरा मुलगा. त्याला नौदलात टाकलं होतं. १८९२ मध्ये मोठा भाऊ वारला आणि गादीची वाट त्याच्याकडे वळली. तिकिटं जमवणारा, शिस्तीचा, फार बुद्धिमान नसलेला माणूस.

आता शेवट बघा. १९१८ च्या जुलैत निकोलसला कुटुंबासकट गोळ्या घातल्या. त्याच नोव्हेंबरात विल्हेल्म हॉलंडला पळाला. जॉर्ज मात्र १९३६ पर्यंत राजाच राहिला. तो भावांपेक्षा जास्त हुशार होता असं काही नाही. पण इंग्लंडचा कारभार मंत्रिमंडळ चालवत होतं. जॉर्जचं बालपण कसंही गेलं असतं तरी तिथं त्यावर फार काही अडून नव्हतं. बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये अडून होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळी सिस्टिम एकाच सर्व्हरवर उभी, आणि तो सर्व्हर म्हणजे एक लहान पोरगं.

नागपूरचं गेलं, म्हणून बडोद्याचं वाचलं

आता आपल्याकडे या. आपल्याकडच्या संस्थानांत या गोष्टीला अजून एक पदर होता, दत्तक. युरोपात वारस नात्यातून आपोआप ठरायचा. इथं राजाला मुलगा नसेल तर घराण्यातलं पोर निवडून आणायचे. म्हणजे एका सकाळी शेतात खेळणारं पोरगं दुसऱ्या महिन्यात गादीवर.

पण हा दत्तक मंजूर कोण करणार? इंग्रज. आणि इथं आपल्या नागपूरची गोष्ट येते. आमचं काटोल तेव्हा भोसल्यांच्या राज्यात. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना काढलं आणि १८१८ मध्ये तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं. ते तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. राजा गादीवर, आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हातात. ११ डिसेंबर १८५३ ला रघुजी वारले, मुलगा नाही. राण्यांनी दत्तक घेतला, पण लॉर्ड डलहौसीनं तो राज्याचा वारस म्हणून मानला नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा. वाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात गेले.

मग झालं १८५७. इंग्रजांना कळलं की राजांची राज्यं गिळून आपण आपलेच शत्रू वाढवले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या: दत्तक घ्या, आम्ही मानू. पण याचा दुसरा अर्थ असा की आता राज्य गिळायचं नसेल तर राजाच आपल्याला हवा तसा घडवायला पाहिजे. म्हणून राजकोटचं राजकुमार कॉलेज, अजमेरचं मेयो कॉलेज, म्हणून गोरे ट्यूटर. राज्य राजाचं, पण राजाचं बालपण इंग्रजांचं. सौदा असा होता.

१८६३ ची दोन पोरं

या सौद्यात सापडलेली दोन मुलं बघू. दोघांचाही जन्म १८६३ चा.

पहिलं मूल गोपाळ. गाव कवळाणा, तालुका मालेगाव, जिल्हा नाशिक. वडील काशीराव, गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण हातात शेती. इकडे बडोद्यात खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले आणि भाऊ मल्हारराव गादीवर आले. या भावांचं प्रेम असं की खंडेरावांनी मल्हाररावांना पाद्र्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. तुरुंगातून थेट गादीवर! पुढं रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन भारतीय. इंग्रज म्हणाले दोषी, भारतीय सभासदांना आरोप सिद्ध झालाय असं वाटलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढलंच.

खंडेरावांच्या विधवा जमनाबाई आता दत्तक शोधू लागल्या. घराण्यातली मुलं बोलावली. कशाला आलास असं विचारल्यावर गोपाळनं 'राज्य करायला' असं उत्तर दिलं, ही गोष्ट बडोद्यात आजही सांगतात. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. वय १२. लिहिता-वाचता येत नव्हतं.

विचार करा, बाराव्या वर्षी पहिली अक्षरं, आणि तीही चार भाषांची: मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी. शिक्षक एफ. ए. एच. इलियट, सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी. त्यानं या एकट्या मुलाला कोंडून शिकवलं नाही, सोबत्यांची शाळा भरवली. दिवाण सर टी. माधवराव कारभारावर व्याख्यानं द्यायचे. राजानं कायद्यात ढवळाढवळ का करू नये, खासगी खर्च आणि राज्याचा पैसा वेगळा का ठेवावा, असे साधे पण पक्के धडे. ती 'मायनर हिंट्स' या नावानं छापलीही गेली. घरात जमनाबाई होत्या. आनंदराव आणि संपतराव हे भाऊ बडोद्यालाच वाढले. म्हणजे पोराचं नाव बदललं, गाव बदललं, पण त्याला ओळखणारी माणसं सोबत राहिली. २८ डिसेंबर १८८१ ला त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. सहा वर्षांत निरक्षर मुलापासून राज्यकर्त्यापर्यंत. फुकट नाही झालं हे. पुढं निद्रानाशानं त्यांचा पिच्छा सोडला नाही, १८८७ पासून तब्येतीसाठी युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या.

दुसरं मूल कोल्हापूरचं. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय फक्त २०. त्यांच्या जागी १८७१ मध्ये दत्तक आला तो आठ वर्षांचा मुलगा, चौथे शिवाजी महाराज. त्यांच्याभोवतीही गोरे पालक आणि शिक्षक. पण थोड्या वर्षांत बातम्या यायला लागल्या की महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही. सरकार म्हणे, वेड लागलंय. पुण्याची वृत्तपत्रं म्हणत, छळ होतोय, वेड लागलं नाही तर लावलं जातंय.

टिळक आणि आगरकर तेव्हा तिशीच्याही आतले. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झालेले. त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तुटून पडणारे लेख आणि काही पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रं बनावट निघाली, आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. टिळकांचा पहिला तुरुंगवास एका पोरक्या राजाच्या बालपणापायी होता, हे आपल्याला शाळेत कुणी अशा शब्दांत सांगत नाही.

महाराजांचं काय झालं? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात ते गेले. वय २०. त्याच वयाचे सयाजीराव तेव्हा बडोद्याचा कारभार पाहत होते.

एकच वर्ष जन्माचं, एकच सौदा, तेच गोरे ट्यूटर. एक मुलगा ६४ वर्षं गादीवर राहिला, दुसरा विशीत किल्ल्याच्या बंदिवासात मेला. याचं सगळं उत्तर संगोपनात आहे असं मी म्हणणार नाही. आजार हा आजार असतो. पण आजारी पोराला आजारी म्हणून जवळ घेणारं कुणी होतं का, हा संगोपनाचाच प्रश्न आहे. त्याला आई हवी होती, मिळाला पहारा.

तिसरा मुलगा

शिवाजी महाराजांच्या मृत्यूनं बोंब झाली होती. आता कोल्हापूरला पुन्हा दत्तक हवा. १७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. वय दहाच्या आत. हेच आपले राजर्षी शाहू महाराज.

या मुलाच्या वाट्यालाही कमी दुःख नव्हतं. तीन वर्षांचा असताना आई राधाबाई गेल्या. दत्तक गेल्यावर दोन वर्षांत, १८८६ मध्ये, वडील जयसिंगराव गेले. पण वडील असेपर्यंत तेच कोल्हापूरचे रीजंट होते. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं कारभार आणि पोर दोन्ही घरच्याच माणसाच्या नजरेखाली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले तेव्हा भाऊ बापूसाहेब सोबत होते. मग धारवाडला एस. एम. फ्रेझर नावाचा तरुण अधिकारी शिक्षक म्हणून लाभला. त्यानं पुस्तकांसोबत प्रवासही घडवले, राज्यकारभार आणि माणसं दाखवली. हिन्झपेटरनं विल्हेल्मला घोड्यावरून पडायला शिकवलं. फ्रेझरचा हा विद्यार्थी पुढं तालमीत पैलवानांच्या आणि रस्त्यात शेतकऱ्यांच्या मधोमध सहज बसायचा. मला वाटतं, आधीच्या महाराजांच्या मृत्यूची जखम ताजी होती, म्हणूनही यावेळी सगळे जपून होते. २ एप्रिल १८९४ ला शाहूंनी कारभार हाती घेतला. त्याच वर्षी तिकडे निकोलस झार झाला.

मग यांनी काय केलं?

खरी गंमत इथं आहे मंडळी. इंग्रजांना हवे होते आज्ञाधारक, सुसंस्कृत संस्थानिक. त्यासाठी त्यांनी या मुलांना शिकवलं. आणि शिकलेल्या मुलांनी त्या शिक्षणाचं भलतंच काहीतरी केलं.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला, मुलींसकट. गोखल्यांनी १९११ मध्ये असंच काहीसं ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मागितलं तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचं उदाहरण होतं. पुढच्या वर्षी सरकारनं ते विधेयक नामंजूर केलं. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. नाव भीमराव आंबेडकर.

शाहूंनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

आता हे जोडून बघा. सयाजीराव बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते. कवळाण्यातून बोलावणं आलं नसतं तर बहुधा निरक्षरच राहिले असते. त्यांच्यासोबत खेळणारी गावातली पोरं तशीच राहिली. एका दत्तकानं काय बदलतं हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं होतं. म्हणून त्यांनी जे केलं ते असं: आपल्याला नशिबानं मिळालेली शाळा कायद्यानं सगळ्यांना दिली. एका मुलाला नीट घडवून राज्य सुधारेल या भरवशावर युरोपचे राजवाडे बसले होते. या दोघांनी तो भरवसा हजारो मुलांवर वाटून टाकला. आमच्या भाषेत, एका सर्व्हरवरचा लोड काढून नेटवर्क उभं केलं.

दोन संगोपनं समोरासमोरही आली. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सिंहासनावर नौदलात वाढलेला पाचवा जॉर्ज. एकेक संस्थानिक येतो, लवून मुजरा करतो, पाठ न दाखवता मागं सरतो. सयाजीराव आले, एकदा वाकले आणि वळून चालू लागले. इंग्रजी वृत्तपत्रांत गदारोळ झाला, महाराजांना व्हॉइसरॉयकडे लेखी दिलगिरी द्यावी लागली. मुद्दाम केलं की नाही, यावर आजही वाद घालतात. पण इलियटच्या शाळेतून असा विद्यार्थी निघेल असं कलकत्त्याच्या सरकारला नक्कीच वाटलं नव्हतं.

पण स्वतःच्या घरात?

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण खरी तशी नाही.

सयाजीरावांनी आपल्या मुलांना जे स्वतःला मिळालं नाही ते सगळं दिलं. उत्तम शाळा, परदेश, ऑक्सफर्ड, हार्वर्ड. आणि घर सततच्या प्रवासात. थोरले फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, वय २५. ऑक्सफर्डकडून क्रिकेट खेळलेले शिवाजीराव १९१९ मध्ये गेले, तिशीच्या आत. हार्वर्डचे पदवीधर जयसिंहराव १९२३ मध्ये. या घराच्या दुःखात दारूचा हात होता, हे इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. मुलगी इंदिराराजे मात्र वेगळी निघाली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिनं स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. वडिलांना ते मान्य नव्हतं. पण मुलीला शिकवलं की ती स्वतःचं ठरवते, हे तर त्यांचंच धोरण होतं ना!

१९३९ मध्ये सयाजीराव गेले तेव्हा गादी मुलाकडे नाही, नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. १९५१ मध्ये भारत सरकारनं त्यांची महाराजा म्हणून मान्यता काढून घेतली.

म्हणजे हजारो घरांतली मुलं शिकावीत याची व्यवस्था लावणारा माणूस स्वतःच्या घरात हरला. मला यात त्यांचं अपयश कमी दिसतं आणि आजच्या भागाचा मुद्दा जास्त दिसतो. चांगला राजा, जाणता बाप, हातात पैसा, उत्तम शाळा, एवढं सगळं असूनही पुढची पिढी कशी निघेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मग लाखो लोकांचं नशीब एका घरातल्या एका पोराला का बांधायचं? गादीचं पुढं काहीही झालं, शाळेचा कायदा टिकला, कारण तो कुणाच्या स्वभावावर अवलंबून नव्हता.

अमरेलीचा प्रयोग १८९३ चा. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारतात लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मध्ये ११७ वर्षं.

तर मंडळी, आज एक काम करा. घरी विचारा, आपल्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा कुणी चढली? आजोबांनी, आजीनं, की त्यांच्याही आधी कुणी? आणि तेव्हा त्यांना शाळेत कुणी घातलं, काहून घातलं? उत्तर मिळालं की आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.